घाडीभाऊंचा नैरोबीतला सत्कार

लालबागच्या नवयुवक मित्र मंडळातला सगळ्यात तरुण सभासद अठ्ठावन्न वर्षांचा आहे. सरचिटणीस बुधाजी घाडीगावकर, म्हणजे सगळ्यांचे घाडीभाऊ, सदुसष्टचे. चाळ पडली, टॉवर उभा राहिला, माणसं अकराव्या-बाराव्या मजल्यावर जाऊन बसली, पण घाडीभाऊंचं पद काही हललं नाही. चाळीत असताना मंडळाची सहल एसटी ठरवून कार्ल्याला जायची. टॉवरात आल्यावर कार्ला सगळ्यांना एकाएकी कमीपणाचा वाटू लागला आणि यंदाच्या सभेत केनियाची सफारी सर्वानुमते मंजूर झाली. सर्वानुमते म्हणजे घाडीभाऊंनी ठराव वाचला तेव्हा बाकीचे वडे खात होते.

टूर कंपनीच्या कागदावर पहिल्याच दिवशी नैरोबीचं राष्ट्रीय संग्रहालय होतं, दोन तास. त्यावर कुरकुर झाली. जिवंत प्राणी बघायला एवढं लांब जायचं, तर आधी पेंढा भरलेले कशाला बघायचे, असा सवाल आला. ते दोन तास बाजारात सोडा, अशी बायकांची मागणी होती. घाडीभाऊ मात्र हटून बसले. इतिहास, संस्कृती, मानवाचा उगम असं बरंच काही बोलले. त्यांना मानवाच्या उगमाची एवढी काळजी आहे, हे लालबागला त्या दिवशी कळलं.

खरी गोष्ट वेगळीच होती. गेली अडतीस वर्षं हा माणूस लोकांचे सत्कार करत आलाय. नगरसेवक, वॉर्ड ऑफिसर, फौजदार, बिल्डर, बिल्डरचा मेव्हणा, दहावीत पास झालेली पोरं, नापास होऊन पुन्हा पास झालेली पोरं. लालबागमध्ये जरा कुणी खुर्चीवर बसला की घाडीभाऊ शाल घेऊन हजर. मोजून चारशे सतरा सत्कार केले त्यांनी, आणि प्रत्येकाचं मानपत्र स्वतः लिहिलं.

त्यांचा स्वतःचा मात्र एकदाही झाला नाही. यादी करणाऱ्याने यादीत आपलं नाव घालायचं नसतं, एवढी लाज त्यांना होती. म्हणून दर वर्षी नावं वाचून झाली की ते विचारायचे, "आणखी कोणाचं नाव सुचतंय का?" आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे जरा जास्तच वेळ बघत राहायचे. कुणाला कधी सुचलं नाही. गेल्या वर्षी एकाला सुचलं, तर तो म्हणाला, लिफ्टमनचं.

आता उरली होती नैरोबी. सिंह काही कुणाला शाल घालत नाही. संग्रहालयात मात्र साहेब असतो, टेबल असतं, मागे भिंत असते आणि भिंतीवर बॅनर लावता येतो. तिथल्या साहेबाच्या हस्ते शाल अंगावर पडली आणि फोटो टॉवरच्या ग्रुपवर गेला की अडतीस वर्षांचे पांग एका फोटोत फिटणार होते. शाल, सन्मानचिन्ह, बॅनर सगळं इथूनच न्यायचं होतं. साहेबाने फक्त हात पुढे करायचे होते. शाल दादरहून आणली, तीही आरशासमोर तीन रंग लावून बघून. बॅनर छापून झाला, त्यावर घाडीभाऊ हात जोडून उभे होते. कार्यक्रमपत्रिकाही तयार होती. सव्वाअकराला प्रास्ताविक, साडेअकराला सत्कार, मग सत्कारमूर्तींचं मनोगत वीस मिनिटं, मग आभार. बारा ते बारा-पाच, संग्रहालय पाहणे.

टूर कंपनीतली प्राची फोनवर म्हणाली, "सर, नारळ नका घेऊ हां बॅगेत, एअरपोर्टला उगाच लफडं होईल."

"मग श्रीफळाचं काय करायचं?"

"तिकडे ॲव्होकाडो मस्त मिळतात, सर."

घाडीभाऊंनी तो विषय विचाराधीन ठेवला.

संग्रहालयाला इंग्रजी पत्र सुनेने, मेघनाने, लिहून पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं, आणि ते नको इतकं सभ्य होतं. आपल्या पाहुण्यांचं स्वागत करायला आनंदच वाटेल. आमचे अधिकारी दोन शब्द बोलतील, त्यासाठी या गृहस्थांनी काय कार्य केलं ते चार ओळींत कळवावं.

रविवारी दुपारी मेघना लॅपटॉप घेऊन बसली. घाडीभाऊ उभे राहिले, कारण मानपत्र बसून सुचत नाही. "लिही. थोर समाजसेवक, दानशूर, कार्यसम्राट..."

"बाबा, ही विशेषणं झाली. नक्की काय केलंत, ते विचारलंय त्यांनी."

"सत्कार केले."

"अजून?"

घाडीभाऊंनी खिडकीबाहेर बघितलं. खिडकीबाहेर समोरच्या टॉवरची भिंत होती. चारशे सतरा माणसांना त्यांनी भरभरून विशेषणं वाटली होती, त्यांतल्या अर्ध्यांनी काहीएक केलं नव्हतं. तेव्हा शब्द कसे धो-धो यायचे. आज एक ओळ जमेना.

"लिही," ते शेवटी म्हणाले, "परळच्या हॉस्पिटलमध्ये एकतीस वर्षं रुग्णसेवा."

मेघनाचे हात कीबोर्डवर थांबले. परळच्या हॉस्पिटलमध्ये एकतीस वर्षं आया म्हणून सासूबाईंनी काढली होती. घाडीभाऊ तिथे एकदाच गेले होते, हर्नियाला.

सुभद्राबाई ओट्याशी कोळंबी सोलत होत्या. "ती नोकरी माझी," त्या म्हणाल्या.

"घरातलंच ना गं. तुझं-माझं काय वेगळं आहे?"

"मगे माझ्या निरोपाच्या दिवशी तुमी खंय होतास?"

आपण कुठे होतो, ते घाडीभाऊंना आठवत होतं. आठवत नसतं तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी एका बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटचं उद्घाटन होतं आणि ते सत्काराचं ताट धरून उभे होते. वॉर्डात सगळ्या सिस्टर जमल्या होत्या, सुभद्राबाईंनी शेजारची खुर्ची शेवटपर्यंत कुणाला बसू दिली नव्हती. मग मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ काखेत मारून त्या परळहून एकट्या चालत घरी आल्या. घाडीभाऊंनी दार उघडून आधी सॅम्पल फ्लॅटच्या टाइल्सचं कौतुक सांगितलं होतं.

"मेघना," घाडीभाऊ घसा खाकरून म्हणाले, "आईचं नाव घाल. सत्कार तिचाच होऊ दे." एवढा मोठा त्याग त्यांनी आयुष्यात केला नव्हता. आता ही म्हणेल, जाऊ दे, तुमचंच घाला, म्हणून ते वाट बघत राहिले.

"नको," सुभद्राबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, कोळंबी सोलणंही थांबलं नाही. "त्या माणसाला मी कोण ते काय ठाऊक? तो पाहुणी म्हणून शाल घालील. ज्याला ठाऊक होतं, त्याने चारशे जणांना घातल्या."

मेघनाने विचारलं, "बाबा, मेलला काय उत्तर देऊ?"

घाडीभाऊ खाली बसले.

"कळव त्यांना," ते म्हणाले, "आम्ही नुसतेच बघायला येतोय."