दिव्याखाली ठेवलेली पोर

"हे उंदराचं पिल्लू माझ्या अंगाला लावू नका," नायिकाबाई म्हणाल्या.

ते पिल्लू म्हणजे माझी मुलगी. चाळीस दिवसांची.

सेटवर चारशे माणसं हसली. बरं, चाळीस असतील. पण माझ्या कानात चारशेच वाजली.

मी अंधेरीच्या त्या स्टुडिओत कोरसात गायची. फुशारकी नाही, मी तान सोडली की मालाडच्या बाजारात टोपलीतली वांगी उड्या मारायची. तरी उभी चौथ्या रांगेत. सातव्या महिन्यात अशीच सकाळपासून उभी राहून गात होते. एकच ओळ सतरा वेळा. तिथून थेट दवाखान्यात. पोर आली ती इतकीशी, की माझ्या तळव्यात झोपून वर जागा उरायची. कान कागदाचे. रडणं म्हणजे बंद दारामागचं मांजर. डॉक्टर म्हणाले, "ऊब द्या. बाकी काही सांगता येत नाही."

सासू मालवणची. तिनं पोरीला कापसात गुंडाळलं. कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब दूध पाजलं. "चेडू उरारच ठेव गे," म्हणायची. खाली ठेवायचंच नाही, छातीशी धरायचं. दिवसा मी, मी दमले की ती.

अशात दिग्दर्शकसाहेबांचा निरोप. नायिकेला पडद्यावर मूल होतं, त्या प्रसंगाला आजच जन्मलेलं बाळ पाहिजे. आणलेली बाळं सगळी गुबगुबीत. माझी चाळीस दिवसांची असून कालची दिसते, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलेलं. "पोर दे, त्या प्रसंगाची अंगाई तू गा. एकटी. कोरस नाही."

एकटी. नऊ वर्षं मी या शब्दाची वाट बघत होते.

मी हो म्हटलं. लपवत नाही. दिवे तापतात, पोरीला ऊबच मिळेल, असं स्वतःला पटवलं. थापा मारण्यात माझा हात कुणी धरत नाही. त्या दिवशी गिऱ्हाईक मीच होते. सासूनं पोर माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड केलं.

सेटवर कापूस काढायला लावला. पडद्यावर बरा दिसत नाही म्हणे. दिवे असे की पापड धरला असता तर भाजून निघाला असता. पोर उघडी, पाळण्यात. आधी लाल झाली. नायिकाबाई ते उंदराचं बोलल्या ते तेव्हा. हसणं चाललं होतं, आणि मीही हसले. कोरसवालीला सवय असते, सगळे करतात ते करायचं.

मग पोरीचे ओठ जांभळे दिसले.

"रडत का नाही ही?" साहेब म्हणाले. "चिमटा काढ गं."

"तिला श्वास पुरत नाहीये, साहेब."

"एक चिमटा. मग ने तिला घरी. अंगाई पाहिजे ना?"

माझा हात पुढे गेला होता. हे सांगायला आजही जीभ जड होते. बोटं तिच्या मांडीला लागली, आणि मांडी कसली, माझ्या करंगळीएवढी. गार. एवढ्या दिव्यांखाली, घामानं भिजून, गार.

पोर उचलली. चोळीची बटणं सोडली, सगळ्यांसमोर, आणि उघड्या छातीवर तिला धरली.

"लाज आहे का?" नायिकाबाई म्हणाल्या.

"लाज चिमटा काढायची वाटायला हवी होती," मी म्हटलं.

"गेलीस तर पुन्हा या दारात उभी राहू नकोस," साहेब म्हणाले. "गाणाऱ्या छप्पन मिळतात."

मी चालत सुटले. पदराखाली तिचा श्वास येत होता, थांबत होता, येत होता. थांबला की मीही थांबायची, रस्त्याच्या मधोमध. जगेल की नाही, ठाऊक नव्हतं. अंगाई गेली, हे पक्कं ठाऊक होतं.

त्या रस्त्यावर ठरवलं. गाणं सोडणार नाही. उद्यापासून दुसऱ्या दारांवर जाईन, पोर छातीला बांधून. आत घ्यायचं तर दोघींना घ्या. नाही म्हणाल तर पुढचं दार. पण माझी पोर कुणाच्या दिव्याखाली ठेवणार नाही, आणि कुणाच्या हसण्यात माझा आवाज मिसळणार नाही.