रमाईचं अत्तर

दापोलीची रसिका इतिहासातल्या राण्यांच्या, कथांतल्या नायिकांच्या नावानं अत्तरं बनवी आणि ती हातोहात खपत. पण बाबासाहेबांच्या रमाईचं अत्तर तिला तीन महिने जमेना. सुरंगीची फुलं वापरून झाली, वाळा झाला. बाटली हुंगली की दर वेळी तिला वाटायचं, ही पुन्हा राणीच!

शेवटी तिनं आईला, कमलाबाईंना, विचारलं, "आये, रमाईचा वास कसला असेल?"

"तिचा बाप दाभोळला माशांच्या टोपल्या वाही, ती स्वतः शेणी थापी," कमलाबाई म्हणाल्या. "त्याची लाज वाटते तुला?"

रसिका चपापली. लाज वाटतच होती. तिनं फुलं बाजूला सारली आणि शेणींचा धूर चंदनाच्या तेलात मुरवला. आईनं तिचं मनगट हुंगून डोळ्यांना पदर लावला.

तरी रसिकाला चैन पडेना. बाटली दुकानात मांडून, पहिलं गिऱ्हाईक नाक तर मुरडणार नाही ना, म्हणून ती दिवसभर दाराकडे बघत राहिली.