साखळीत वहिनीनंतरची जागा

आमच्या ख्रिस्ती मंडळीची दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना सभा असते आणि शेवटी साखळी होते. गोल बसलेल्या प्रत्येकानं आळीपाळीनं, डोळे मिटून, मोठ्यानं प्रार्थना करायची. पाठ केलेली नाही, मनातली. शेजारच्याचं ‘आमेन’ झालं की आपली पाळी. दौंडला रेल्वे क्वार्टर्समध्ये मी लहानपणापासून या साखळीत बसत आले आणि लहानपणापासून तिला घाबरत आले. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथली प्रार्थना छापील असायची, सगळ्यांनी एका सुरात म्हणायची. तिच्यात लपता येत असे. चारचौघांत, मराठीत, एकटीनं देवाशी बोलायचं म्हटलं की मला वाक्यच जुळवता येत नाही.

मग दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली. शिरूरकडच्या खेड्यातली, गावच्याच शाळेत शिकलेली. दादा एमआयडीसीत कामाला, म्हणून दोघं कारेगावात खोली घेऊन राहतात. त्याची सुट्टी बुधवारची, त्यामुळे मोटारसायकलवरून दौंडच्या सभेला नेमानं हजर.

पहिल्याच साखळीत ती माझ्या आधी बसली. पाळकसाहेबांचा गुडघा, दहावीची मुलं, पाऊस, सरकार, प्रवासातले, दवाखान्यातले, आणि ‘ज्यांची नावं मला ठावं न्हाईत पण बापा तुला ठावं हायेत’ असे उरलेले सगळे तिनं देवाच्या हाती सोपवले. मी दुपारभर मोबाइलवर लिहून पाठ केलेलं सगळं त्यात संपलं. माझ्या वाट्याला काहीच राहिलं नाही. मी नुसतं ‘आमेन’ म्हटलं. पलीकडे कुणीतरी खोकल्यात हसू दाबलं.

त्यानंतर मी तिच्या पुढची जागा कधी घेतली नाही. पण दूर बसूनही ऐकू यायचंच. ती बोलत असताना आई ‘हं, हं’ करत मान डोलवायची. माझ्या वेळी आईनं कधी ‘हं’ केलेलं मला आठवत नाही. घरी आल्यावर ती म्हणायची की विश्वास असावा तर सुनेसारखा, मनात भीती म्हणून नाही. हे ती मला उद्देशून म्हणायची नाही. पण खोलीत तेव्हा मीच असायचे.

गेल्या हिवाळ्यात आईची गर्भपिशवी काढायचं ठरलं. आईला कापाकापीची नाही, भुलीची भीती होती. एकदा झोपवल्यावर उठलेच नाही तर, असं ती भाजी निवडता निवडता मध्येच म्हणायची. तपासण्या, रक्त, दवाखान्यात न्यायची पिशवी भरणं, सगळं मी केलं. ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्यात बांगड्या मी उतरवल्या, केसांच्या दोन वेण्या मी घातल्या. दुसरी वेणी होत असताना आईनं विचारलं, “वहिनी कुठवर आली गं तुझी?”

आत नेण्याआधी तिला प्रार्थना हवी होती, हे मला समजलं. मी हातभर अंतरावर होते. ‘मी करू का?’ एवढं विचारायचं होतं, ते निघालं नाही. तेवढ्यात दादाचा फोन आला, उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलोय म्हणाला. मला बरं वाटलं. आईचा चेहरा उतरला आणि तरी मला बरं वाटलं.

पण वहिनी पोचली. तोंडाला गुंडाळलेल्या ओढणीवर धूळ, मोटारसायकलवर बसून कंबर धरलेली. स्ट्रेचर दारात लागलं होतं. तिनं एक हात आईच्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्या हातानं माझा हात धरला.

“बापा,” ती म्हणाली, “मला लय भ्या वाटतंय. माझ्या आईला अशीच आत नेली व्हती...”

पुढं तिला बोलता येईना. तिची आई ती शाळेत असताना गेली, एवढंच मला माहीत होतं. आई डोळे मिटून वाट पाहत होती. वॉर्डातल्या मावशी दारात ताटकळल्या होत्या. ‘आमेन’ झालं नव्हतं, प्रार्थना मध्येच लोंबकळत होती.

“बापा, मलाही भीती वाटते,” मी म्हणाले. “आईला परत दे. आम्हा दोघींना.”

आईनं एक डोळा उघडला. “झालं?”

“हो.”

“मग आमेन तरी म्हण.”

बाहेर बाकावर बसल्यावर मला वहिनीच्या भीतीचाही हेवा वाटायला लागला. देवासमोर जाताना भीती चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवायची असते, असंच मी धरून चालले होते. ही मात्र चिखलाच्या पायांनी सरळ आत गेली होती. तुम्हाला भीती वाटत असेल असं कधी वाटलं नव्हतं, असं मी तिला कसंबसं म्हटलं.

“भ्या नसतं तर एवढं बोलले कशाला असते, ताई?” ती डोळे पुसत म्हणाली. “गप नसते का बसले तुमच्यावानी?”

टोमणा होता की नाही, मला कळलं नाही. आईला बाहेर आणेपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

आई घरी आल्यावर मंडळीतल्या बायका भेटायला आल्या. सून कशी धावत आली, प्रार्थनेत कशी रडली, हे आई पडल्या पडल्या सांगत होती. मी चहा गाळत होते. माझं नाव कुठं येतं का, ते ऐकत होते. आलं नाही.

“मी कुठं पुरी केली, मम्मी?” वहिनी म्हणाली. “मी तर अडकले. पुरी केली ती ताईंनी.”

सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. “हो की,” आई म्हणाली, “आमेन हिनंच म्हटलं. सांगावं लागलं, पण म्हटलं.” बायका हसल्या. आई माझ्याकडं बघत राहिली. ते बघणं मला किती दिवसांपासून हवं होतं. पण तेही वहिनीनं मिळवून दिलं होतं, आणि देताना तिला काही जड गेलं नव्हतं. चहा देताना तिचा कप मी सर्वांत शेवटी दिला.