खालचं कुरण

मी आता लंडनमध्ये ईलिंगला राहते. खिडकीतून बसस्टॉप दिसतो आणि समोरच्यांचे कचऱ्याचे डबे. पण सप्टेंबरच्या शेवटी पार्कातलं गवत कापतात, तेव्हा त्या वासाबरोबर मला बेसिंगस्टोकजवळचं ते शेतावरचं घर आठवतं.

ऑफिस बेसिंगस्टोकला होतं. तिथलं भाडं झेपत नव्हतं, म्हणून बसने जाण्यासारख्या एका खेड्यात, म्हाताऱ्या शेतकरी जोडप्याच्या घरात वरची खोली घेतली होती. शेजारच्या खोलीत एक मुलगी राहायची. स्वीडनहून आलेली, माझ्याच वयाची, त्यांच्या गोठ्यावर कामाला. मी फारशी बोलत नसे. तिला त्याचं काही वाटत नसे. संध्याकाळी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून ती मोज्यांत अडकलेला पेंढा काढायची आणि मेंढ्यांविषयी बोलायची. तिला स्वतःच्या मेंढ्या हव्या होत्या. थोड्याच, पण स्वतःच्या. त्यासाठी ओढ्याकाठचं खालचं कुरण तिला भाड्याने हवं होतं.

तिथे चराईची जमीन सप्टेंबरअखेर वर्षभरासाठी देत. लिहिणं-बिहिणं काही नाही. सकाळचं दूध काढून झालं की स्वयंपाकघरात चहा व्हायचा आणि त्या टेबलावर हातात हात दिला की ठरलं. टेबलाशी शेतकरी, त्याचा पुतण्या आणि एखादा शेजारी बसायचे. म्हातारी ओट्याला टेकून उभी, हातात किटली, नजर कुणाचा कप रिकामा होतोय यावर. घरून काम असेल त्या दिवशी मीही दाराला टेकून उभ्यानेच चहा घ्यायचे. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. पुण्याला आमच्याकडे सगळ्यांना गरम पोळ्या वाढून झाल्यावर आई जेवायला बसायची. ते स्वयंपाकघर मला लगेच कळलं.

तिला नाही कळलं. तिच्याकडे म्हणे कॉफीला सगळे एकत्र बसतात, मालक असो की गडी. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात ती कप घेऊन सरळ टेबलाशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिथली ती खुर्ची नाहीशी झालेली. तिने गोठ्यातून बादली आणली, पालथी घातली आणि टेबलाशी बसली. नंतर वर्षभर ती त्या बादलीवरच बसत होती.

"नाही म्हणाले तर मी परत जाणार," कुरणाचं विचारायच्या आदल्या संध्याकाळी ती मला म्हणाली होती. "आईच्या फ्लॅटवर. तिने दुकानात नोकरीसुद्धा बघून ठेवलीय."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी तिला बिस्किटांचा पुडा दिला.

सकाळी तिने शेतकऱ्याला विचारलं, "खालचं कुरण मला देता? भाडं नेहमीचंच देईन."

त्याने बिस्कीट चहात बुडवलं. "तू कामाची आहेस, पोरी. पण कुरण घरच्या माणसाकडे असावं. तू उद्या लग्न करून जाशील."

"कुणाशी?"

"ते मला काय माहीत!"

"मग आधी मेंढ्यांचं बोलू. नवऱ्याचं नंतर बघा."

शेजारी हसला. "आणि मेंढ्यांना हाका कुठल्या भाषेत मारणार?"

"मेंढ्यांना एकदा सांगून कळतं," ती म्हणाली. "इथे मी वर्षभर सांगतेय."

पुतण्याने कपात तोंड घातलं. त्याचे खांदे हलत होते. तिने शेतकऱ्यापुढे हात केला. त्याने हाताकडे पाहिलं आणि दुसरं बिस्कीट घेतलं. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण हात तसाच पुढे राहिला.

म्हातारीने किटली खाली ठेवली.

"ते कुरण माझं आहे," ती म्हणाली.

"काय?" शेतकरी म्हणाला.

"माझ्या वडिलांनी मला दिलेलं. इतकी वर्षं तू तिथलं गवत कापतोस, म्हणून ते तुझं झालं नाही."

तिने एप्रनला हात पुसला आणि त्या पुढे आलेल्या हातात दिला. "कुंपण तुझं तू दुरुस्त करायचं. ओढ्याकडचं फाटक नीट लागत नाही, ते आधी बघ."

"बघते."

मग म्हातारीला काय करावं कळेना. किटली ओट्यावर, टेबलावरचे कप रिकामे. स्वीडनच्या त्या पोरीने पायाने बादली तिच्याकडे सरकवली. म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून हळूच टेकली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मलाही दे गं थोडा."

मी पहिल्यांदा तिचा कप भरला.

वसंतात मेंढ्या व्यायच्या आधीच माझी नोकरी बदलली आणि मी लंडनला आले. निघाले तेव्हा त्या टेबलाशी दोन खुर्च्या वाढल्या होत्या आणि बादली गोठ्यात परत गेली होती. खुर्च्या कुणी आणून ठेवल्या, ते कुणी बोललं नाही. मी मात्र शेवटच्या दिवसापर्यंत दाराशीच उभी राहत होते. तिथून त्या दोघी बसलेल्या नीट दिसायच्या.