बंदुकीच्या दारूला ऊन

बंदुकीची दारू पेटली तेव्हा माझ्या दोन्ही हातांत चाटू होता. अंगणात तीन दगडांच्या चुलीवर कुरडयांचा चीक शिजत होता आणि मी तो ढवळत होते. आवाज काही मोठा झाला नाही. डब्यात कोंडलेली दारू फुटते, खाटेवर पसरलेली नुसती भक् करून उठते. एक मोठा पांढरा लोट उठला आणि त्यातून माझी मुलगी बाहेर आली. तिची साडी पेटलेली होती. तिला आठवा महिना होता.

साडी नायलॉनची. तेव्हा सगळ्या मुलींना नायलॉनच हवं असायचं. ते कापड जळत नाही, वितळतं आणि अंगाला चिकटतं. मुलगी दाराकडे धावायला लागली. माझी सासू कुरडयांवरचे कावळे हाकत काठी घेऊन बसली होती. सत्तरीच्या पुढची बाई, गुडघे धरलेले. ती उठली कशी ते मला आजही सांगता येत नाही. तिने मुलीला पदराला धरून खाली पाडलं, कुशीवर वळवलं आणि स्वतः तिच्यावर पडली. उघड्या हातांनी ती साडी ओरबाडत होती. मग तिचं लुगडं पेटलं.

कोपऱ्यात गहू भिजवलेल्या पाण्याचा रांजण होता. तीन दिवसांचं आंबट पाणी. मी घागर बुडवली आणि दोघींवर ओतली. मग दुसरी. तिसरीला रांजण तळाला गेला. तेवढ्यात शेजारपाजारचे धावत आले, कोणी घोंगडी टाकली, कोणी माती टाकली. चुलीवरचा चीक करपला. त्याचा वास मला पोळलेल्या मांसाच्या वासाच्या आधी आला होता, हे लक्षात राहिलं आहे.

आता ती दारू आमच्या अंगणात कशी आली ते सांगते.

सावद्यापासून जवळच आमचं गाव. केळी आणि कपाशी, मधेमधे मका, भुईमूग. सातपुड्याकडून रानडुकरं यायची. एक कळप आला की केळीचे कंद उकरून वाफेच्या वाफे पालथे करायचा. म्हणून गावात सात-आठ जणांकडे पीक राखायला ठासणीच्या बंदुका होत्या, सरकारी परवान्याच्या. माझ्या नवऱ्याकडे त्याच्या बापाची होती. नळीत दारू ओतायची, चिंधी ठासायची, वाटलं तर छर्रे टाकायचे, मागे तांब्याची बारीक टोपी बसवायची आणि घोडा ओढायचा. डुक्कर क्वचितच मरायचं. आवाजाने पळायचं, तेवढंच हवं होतं.

दारू आणि टोप्या जळगावच्या एका दुकानात मिळायच्या. परवाना दाखवायचा, दुकानदार त्यावर लिहून ठरलेलं माप द्यायचा. ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. त्या तीन-चार वर्षांत दर खेपेला भाव चढलेला असायचा. आधी टोप्यांचा चढला, मग छर्ऱ्यांचं शिसं महागलं, मग दारू. एका वर्षी जितक्या पैशांत भरलेला डबा आला तितक्यात पुढच्या वर्षी अर्धा आला. दुकानदार वर म्हणायचा, "पाटील, पुढच्या वेळेला मिळेल की नाही, सांगता येत नाही. वरून मालच येत नाही." गावात बातमी उठली की परवानेच बंद होणार. कोणी म्हणे दारू फक्त विहिरी फोडणाऱ्यांना मिळणार. खरं काय ते कोणालाच माहीत नव्हतं.

साठा करा, हे मी सांगितलं. नवऱ्याने नाही. मी चौथी शिकलेली बाई, पण घरात वर्षाचं काय लागतं ते मला कळत होतं. मिरची महागणार म्हटलं की आम्ही वर्षाची मिरची भरतो. गहू, तुरीची डाळ, हळद, सगळं उन्हाळ्यात भरून ठेवतो. मी म्हटलं, "मिरची भरता, मंग दारू कायले नाही भरत? पुढच्या साली रडत बसाल."

नवरा म्हणाला, "माप ठरलेलं हाय. जास्ती देत नाही तो."

"गावात परवाने किती हायेत? सगळे बार उडवतात का?"

हे त्याला पटलं. दोन गल्ल्या सोडून एक म्हातारे आबा राहायचे. त्यांची बंदूक दहा वर्षं भिंतीला टांगलेली, नळीत गांधीलमाशीचं घर. नवरा त्यांच्याकडे गेला. मीही ताक द्यायच्या निमित्ताने मागून गेले.

"आबा, यंदा दारू उचलता का तुमच्या नावावर? पैसे माझे."

"भो, माही बंदूक त गंजली."

"बंदूक गंजली. परवाना थोडाच गंजला?"

आबा हसले, खोकले आणि म्हणाले, "ने. पण डुक्कर मारलं त एक तंगडी माही."

असे आमचा धरून तीन परवाने जमले. दोन वर्षांत आमच्याकडे वनस्पती तुपाचे पाच डबे भरून दारू झाली. परवान्यावर एका माणसाने ठेवायची त्याच्या कितीतरी पट. मी ते डबे मधल्या खोलीत गव्हाच्या कोठीशेजारी रचले, वर गोधड्या ठेवल्या. शेजारी मिरचीचं मडकं. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. भाव चढला की मी मनात म्हणायचे, चढू दे, आपलं भरलेलं आहे. एकदा तर जावेला उघडून दाखवलं होतं.

मग एका पावसाळ्यात मधल्या खोलीची भिंत पाझरली. हिवाळ्यात नवरा शेतावर बार काढायला गेला तर दोनदा नुसती टोपी वाजली. डबा उघडला तर दारूचे खडे झालेले, जुन्या गुळासारखे. तो माझ्यावर ओरडला. महागाची वस्तू, माझ्या सांगण्यावरून घेतलेली आणि माझ्याच घरात ओली झालेली. ते मला लागलं. मी ठरवलं, उन्हाळ्यात सगळ्याला ऊन दाखवते तसं हिलाही दाखवायचं. गव्हाला दाखवतो, डाळीला दाखवतो, गोधड्यांना दाखवतो. ऊन दाखवलेली वस्तू वर्षभर टिकते, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यापुढे विचार केला नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. माझी एकच लेक, धुळ्याकडे, अहिराणी मुलखात दिलेली. आखाजी झाली तरी तिला ठेवून घेतली होती, बाळंतपण आमच्याकडे करायचं म्हणून. त्या सकाळी कुरडयांचा पहिला घाणा घालून झाला होता, दुसऱ्याचा चीक शिजत होता. नवरा पहाटेच्या गाडीने जळगावला गेला होता. टोप्या आणखी महागणार असं ऐकलं होतं, म्हणून आणखी दोन डब्या आणायला.

मी एक डबा बाहेर काढला, खाटेवर जुनं धोतर अंथरलं आणि दारू पसरली. खाट चुलीपासून लांब, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली होती. तेवढी अक्कल मला होती.

सासू म्हणाली, "अवं, दारू हाय का ज्वारी हाय ते? ऊन कायले दाखवते तिले?"

मी म्हटलं, "ओली राहिली त फेकायची. इतकी महागाची फेकू?"

"मंग कुरडयांसंगं तळून काढ एखाद दिवस."

मुलगी हसली. ती खाटेजवळ बसून गाठी बोटांनी फोडत होती, जशी आपण तिखटातल्या फोडतो. हात काळे झाले होते. थोड्या वेळाने कडुलिंबाची सावली खाटेवर आली. मुलगी म्हणाली, "माय, आठे सावली उनी शे."

सासूने लगेच धरलं. "शे शे कायले करते वं? दोन सालात आपली बोली विसरली?"

"तठे मी 'हाय' म्हनू त सगळे हसतस, मोठी माय."

"अन् अढी शे म्हणलं त आम्ही हसतो. तू कुठीच बोलू नको."

तिघी हसलो. मग मुलगी उठली, पोट सावरत खाटेचा पाय धरला आणि खाट उन्हात ओढायला लागली. ऊन चुलीकडे सरकलं होतं. खाट चुलीकडे येत होती.

मी पाहिलं. हे मी नेहमी असंच सांगत आले आहे. मला दिसलं. पण चीक अगदी घट्ट होण्याच्या बेताला आला होता. त्या वेळी चाटू थांबला तर गाठी होतात, तीन दिवसांची मेहनत जाते. मला वाटलं, एवढं दोन मिनिटांत उतरवते, मग सांगते. चुलीत कपाशीची वाळकी पऱ्हाटी जळत होती, ती तडतडते. वारा आला. ठिणगी उडताना मी पाहिली नाही. लोट पाहिला.

गावातून केळीची मेटॅडोर सावद्याला निघाली होती. ती थांबवली, घड खाली टाकले, केळीची पानं पसरली आणि दोघींना पानांवर निजवलं. तिथून तशीच जळगावला नेली. वाटेत मुलगी सारखी पोटावर हात ठेवत होती. सासू एकदाच बोलली, "माह्या डोक्यावरचा पदर नीट कर." पदर जळून गेला होता. मी माझा टाकला.

सरकारी दवाखान्यात नवरा भेटला. कोणीतरी बाजारात जाऊन सांगितलं होतं. त्याच्या सदऱ्याच्या खिशात टोप्यांच्या नव्या डब्या होत्या, चालताना वाजत होत्या. त्याने मला भिंतीकडे नेलं.

"काय सांगितलं?"

"अजून कोणी विचारलं नाही."

"स्टोचा भडका झाला म्हण. घरात चार डबे हायेत. मी आत जाईन. आबाबी जाईल."

खरं सांगायचं तर मी तेच सांगणार होते. डॉक्टर बाहेर आले, तरुण होते. त्यांना म्हटलं, "स्टो भडकला."

ते म्हणाले, "बाई, स्टोच्या भडक्याने कातडीत काळे कण घुसत नाहीत. हे काय आहे ते मला कळल्याशिवाय मी काय धुऊ आणि काय काढू? आणि लग्न झालेली मुलगी स्टोने भाजली म्हटलं की सासरच्यांनीच जाळलं असा संशय येतो, उद्या तुमच्या जावयाला पकडतील. तिला वाचवायचं आहे ना?"

नवरा माझ्याकडे पाहत होता. मी म्हटलं, "बंदुकीची दारू होती. मी उन्हात घातली. घरात आणखी चार डबे आहेत, गव्हाच्या कोठीशेजारी." एका दमात सगळं सांगितलं, कारण अर्धं सांगितलं असतं तर बाकीचं गिळलं असतं. नवरा बाकावर बसला. त्याने खिशातल्या डब्या काढून बाकावर ठेवल्या आणि हात पुसले.

पोलीस गावात गेले. डबे नेले, बंदूक नेली. खटला चालला, नवऱ्याचा, आबांचा आणि ज्या तिसऱ्याच्या नावावर दारू उचलली त्याचा, तिघांचेही परवाने गेले. आबांचा मुलगा पुढे कित्येक वर्षं आमच्या दारावरून गेला तर तोंड फिरवून गेला. नवरा वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलला. त्या पावसाळ्यात डुकरांनी अख्खा मका खाल्ला. आम्ही डबे बडवत बसायचो, रिकामे. पुढच्या साली दारू आणखी महाग झाली असं ऐकलं, आणि ज्यांचे परवाने होते त्यांनी तीही भरून ठेवली. मी कोणाला काही सांगायला गेले नाही. माझं कोण ऐकणार होतं?

दवाखान्यात पहिले तीन दिवस डॉक्टर काहीच नक्की सांगत नव्हते. पोटातलं मूल आहे की गेलं, याचीच भीती. जावई धुळ्याहून आला आणि दाराशी उभा राहिला. आत यायला घाबरत होता. चौथ्या दिवशी मुलीने मला खुणेने जवळ बोलावलं. ओठ सुजलेले, शब्द नीट येत नव्हते. म्हणाली, "हाली ऱ्हायनं, माय." मी तिच्या पोटावर हात ठेवला. जिथे सासू पालथी पडली होती, तिथे कातडी जवळजवळ शाबूत होती.

सासू शेजारच्या खाटेवर होती. तिचे हात कोपरापर्यंत, छाती आणि मान गेली होती. मी तिला सांगितलं, "आत्या, बाळ हालतंय." तिने विचारलं, "कुरडया वाळल्या का?" मी म्हटलं, वाळल्या. कुरडया त्याच दिवशी कुत्र्यांनी खाल्ल्या होत्या.

मुलीच्या दंडावर आणि गळ्यावर दारूचे कण राहिले ते राहिलेच, निळसर, गोंदल्यासारखे. लोक विचारतात, हे कसलं गोंदण? ती सांगते, मायने गोंदलं. रागाने म्हणते की थट्टेने, ते मी विचारलेलं नाही.

त्या सकाळी अंगणात आम्ही तिघी होतो आणि एक पोटात. सासू अकराव्या दिवशी गेली. मुलगी, तिचा मुलगा आणि मी जगलो.