फ्रिजला घातलेल्या वस्त्रमाळा

आता काय सांगू तुम्हाला! आधी चहा संपवा, नाहीतर हसता हसता सांडाल.

संतोषी मातेच्या शुक्रवारांचं माझं उद्यापन होतं. या व्रताला आंबट अजिबात चालत नाही. आणि नेमकं आदल्या दिवशी बासुंदीचं पातेलं ठेवायला फ्रिज उघडते, तर आत गारव्याचा पत्ता नाही! दिवा तेवढा लखलखीत. म्हणजे बासुंदी आंबली की माझं व्रतही गेलं!

ह्यांनी लगेच धाराशिवहून सलीमभाईंना बोलावलं. आमच्या येडशीतले निम्मे फ्रिज तेच दुरुस्त करतात.

"वहिनी, जरा पुढं ओढू का?"

"नको नको! शेजारी कलश मांडलाय. खालून काय करायचं ते करा."

बिचारे पोटावर आडवे झाले, हात आत घालून त्यांनी मोटारीला नळी जोडली. "गॅस कमी झाला वाटतं," म्हणाले. थोडा भरला. गारवा नाही. अजून भरला. मीटरचा काटा चढतोय, चढतोय, आणि मोटार तापून फट्‌कन बंद!

"कमाल हाय! गॅस लई झाला, पर गार व्हायचं नाव न्हाय. मोटार गेली बहुतेक."

त्यात हे म्हणतात, "तरी म्हणत होतो, शिरा कर!"

मी डोळे मिटून देवीला हात जोडले. दुसरं काय करणार?

सलीमभाई घाम पुसत म्हणाले, "मागच्या जाळीवर धूळ बसली असंल. तिला हवा लागली न्हाय तर आतली गरमी जाणार कुठं?"

धूळ? माझ्या घरात? सणासुदीला?

"सलीमभाई, धुळीचं नाव काढू नका! धूळ बसू नये म्हणून तर चादर टाकलीय!"

सलीमभाईंनी चटकन मान वर केली.

"चादर? कशावर, वहिनी?"

"जाळीवर! ओल्या माळांवर धूळ बसली तर देवीला कशा घालायच्या?"

अहो, त्याचं असं झालं होतं. देवीसाठी कापसाच्या वस्त्रमाळा केल्या, त्यांना ओलं कुंकू लावलं, आणि बाहेर पावसाची झड लागलेली. ऊन कुठून आणू? फ्रिजमागची जाळी मात्र छान कोमट! मग वरपासून खालपर्यंत माळाच माळा, आणि वर धुतलेली चादर.

सलीमभाईंनी बाजूनं हात घालून चादर वर ओढली, आम्ही मागं डोकावलो. फ्रिज अगदी मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखा उभा!

"वहिनी, ह्याचं नाक-तोंड बांधलंत, आन् म्या गॅस पाजतोय!"

आम्ही तिघं पोट धरधरून हसलो. माळा काढल्या, मोटार निवू दिली, त्यांनी जास्तीचा गॅस सोडला, आणि थोड्या वेळानं फ्रिज गुरगुरत गार झाला. बासुंदी वाचली!

सलीमभाई पिशवी घेऊन निघाले. हे खूश. "पावली बाई तुझी देवी!"

"व्हय," मी मान खाली घालूनच म्हटलं.

"मग तोंड का उतरलं?"

"मघाशी नवस बोलले ना. आई, फ्रिज गार होऊ दे, तुला आणखी एकवीस वस्त्रमाळा घालीन."

ह्यांनी आधी बाहेरच्या पावसाकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि दारात धावत जाऊन ओरडले,

"सलीमभाई, लई लांब जाऊ नका!"