दोन तासांवरची गिरजाबाई

एका फोटोचा खरा खर्च सांगतो: वर्धा-तळेगावच्या दोन खेपांचं पेट्रोल, आंजीत खाल्लेले चार प्लेट तर्री-पोहे, आठ फुटांचा एक वाया गेलेला फ्लेक्स आणि भाऊजींसमोर गेलेली इभ्रत. कॅमेरा घरचाच, तो धरत नाही.

वर्ध्यात माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. हातानं पाट्या रंगवत इथवर आलो. मशीन घरघरत असताना गिऱ्हाईक फोनवर नावं सांगतं, मी ऐकून छापतो. ऐकण्यात आजवर चूक नाही. कानाच्या बाबतीत माझा हात कोणी धरायचा नाही.

ताई तळेगाव (श्यामजी पंत)ला दिलेली. तिच्या शेतातल्या विहिरीच्या कठड्यावर भाऊजींच्या आईनं नाव लिहिलेलं होतं: गिरजाबाई. म्हातारपणी प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकल्या आणि ओल्या सिमेंटवर खिळ्यानं पहिलं काही लिहिलं ते हेच. आता त्या नाहीत. विहीर खचली, कठडा पाडायचा ठरला. भाऊजींना एकच फोटो हवा होता, बैठकीच्या भिंतीवर लावायला: पुढे आईचं नाव, मागे पराटी, म्हणजे कपाशी, त्यामागे टेकडी.

पहिल्या खेपेला मी कठड्याला जवळजवळ नाक लावून बसलो आणि फोकस केला टेकडीवर. कॅमेऱ्याच्या पडद्यावर झकास. आठ फुटांवर छापलं तर टेकडीवरचं झाड न् झाड मोजून घ्या, आणि गिरजाबाई म्हणजे शेवाळाचा डाग. भाऊजींनी तो फ्लेक्स कापसाच्या ढिगावर झाकायला घेतला. तेच जास्त लागलं.

मग बसून शिकलो. एका ठरावीक अंतरावर फोकस धरला, की त्याच्या निम्म्यापासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. याला हायपरफोकल अंतर म्हणतात. माझ्या कॅमेऱ्यावर, चोवीसची लेन्स आणि भिंगाचं छिद्र एफ अकरा ठेवलं की ते येतं साडेआठ फूट. तुमचं वेगळं येईल. हिशेब करून देणारी ॲप फुकट मिळतात.

डिसेंबरातल्या रविवारी पहाटेच निघालो. वाटेत आंजीला पोहे खा, पण तर्री मागून घ्या, आपणहून हात आखडूनच वाढतात. आर्वीनंतर कापसाच्या गाड्या लागतात. त्यांच्या मागे राहा, हॉर्न वाजवून काही होत नाही.

साडेसातला शेतात पोचलो. गवंडी नऊला येणार होता. तिपाई उघडली आणि लक्षात आलं, टेप दुकानात राहिला.

"भाऊजी, कठड्यापासून साडेआठ फूट म्हंजे कुठवर?"

"दोन तास."

"दोन तास? अन् गवंडी त नवाले येऊन राह्यला!"

"त्याचा काय संबंध? तू दोन तास मांगं सर."

"मांगं कसा सरू? घड्याळ काय उलटं फिरते काय?"

ताईनं चहाची किटली खाली ठेवली, नाहीतर सांडलीच असती. "अरे बह्याडा! तास म्हंजे पराटीची ओळ. चार-चार फुटांवर लावली हाय."

"वर्ध्याले गेला अन् साळा घड्याळच झाला," भाऊजी म्हणाले.

दोन ओळी, वर वीतभर. तिथे तिपाई रोवली, नावावर फोकस धरला. छिद्र बारीक, उजेड कोवळा, म्हणजे शटर सावकाश. त्यात वाऱ्यानं बोंडं हलत होती. अक्षरांवर ऊन तिरपं होतं तोवरच ती उठून दिसणार. श्वास धरून उभा राहिलो. वारा पडला तसे सात फोटो घेतले.

पडद्यावर मोठं करून पाहिलं. नाव आहे. पहिल्या ओळीतलं बोंड आहे. टेकडी आहे. तेव्हा कुठे खाली बसलो आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

गवंडी आला. भाऊजींनी अक्षरांवरून एकदा हात फिरवला, म्हणाले, "चालू द्या."

वर्ध्याला येऊन छापलं. दुकानाच्या दारातून नाव वाचता येतं. 'ई' लिहिताना खिळा घसरला तो ओरखडासुद्धा. त्या रात्री गाढ झोपलो. फ्लेक्स गुंडाळून एसटीनं पाठवला, दुसऱ्या दिवशी ताईचा फोन.

"बैठकीत लावला. तुझे भाऊजी सकाळपासून तिथंच बसून हायेत." मग हसली. "काऊन रे, मागच्या खेपेलेही ते तुले दोन तास मांगं सर म्हनत होते न?"

म्हणत होते. मी घड्याळ पाहिलं होतं आणि म्हणालो होतो, तेवढा वेळ नाही.